ट्राम, चुंबकसूची आणि हिमालय : मुंबईच्या काळ्या कातळाची साक्ष

१/
विसाव्या शतकाच्या आरंभी एका चुंबकसूचीने मुंबई सोडली आणि ती अलिबागला जाऊन राहिली. निमित्त होते विजेच्या ट्रामचे. ट्रामच्या तारांतून आणि रुळांतून वाहणाऱ्या विजेमुळे तिचा कल बिघडणार होता. या किरकोळ भासणाऱ्या हकिकतीचा हिमालयाच्या जन्मकथेशी आणि आज संगणकावर रचल्या जाणाऱ्या पर्वतांशी संबंध आहे. तो उलगडण्यासाठी हा थ्रेड.

२/
आरंभ कुलाब्यापासून करू. ईस्ट इंडिया कंपनीने १८२६ साली कुलाब्याला वेधशाळा स्थापन केली. मूळ उद्देश व्यवहारी होता. बंदरातल्या जहाजांना अचूक वेळ मिळावी, एवढाच. १८४१ पासून मात्र तेथे पृथ्वीच्या चुंबकत्वाचीही मोजणी होऊ लागली. पुढे अनेक दशके, दिवसामागून दिवस, या मोजणीच्या नोंदी होत राहिल्या.

३/
सूची दोन कोन सांगते. पहिला सर्वांच्या परिचयाचा. सूचीची उत्तर आणि भूगोलातली खरी उत्तर यांतला फरक, म्हणजे दिक्पात. दुसरा कमी परिचयाचा, पण आपल्या कथेचा नायक तोच. सूची वरखाली फिरू शकेल अशी टांगली, तर ती क्षितिजाशी किती झुकते, तो कोन म्हणजे नती. विषुववृत्ताजवळ ती जवळजवळ आडवी राहते. उत्तर गोलार्धात तिचे उत्तर टोक जमिनीकडे झुकते, तर दक्षिण गोलार्धात तेच टोक आभाळाकडे उचलले जाते.

४/
नानाभाई अर्देशीर फ्रामजी मूस हे कुलाबा वेधशाळेचे पहिले भारतीय संचालक. मुंबईच्या ट्रामगाड्या घोड्यांऐवजी विजेवर धावणार हे ठरताच येथील चुंबकीय नोंदींचे भवितव्य त्यांनी ओळखले. १९०४ साली अलिबागला नवी चुंबकीय वेधशाळा उभी राहिली. तिच्या बांधकामासाठी आपला काळा दगड वर्ज्य केला, कारण तो स्वतःच चुंबकीय! पोरबंदरचा वालुकाश्म आणून भिंती रचल्या. दोन्ही ठिकाणी सुमारे दोन वर्षे समांतर मोजणी करून मगच कुलाब्याची मालिका थांबवली. १९०७ साली विजेची ट्राम धावू लागली तेव्हा सूची सुखरूप होती.

५/
मूस यांनी १८४६ ते १९०५ या काळातील नोंदी दोन खंडांत संकलित करून १९१० साली प्रसिद्ध केल्या. अशा दीर्घ नोंदींतून एक गोष्ट स्पष्ट होते. सूची स्थिर नाही. वर्षागणिक ती थोडी थोडी सरकत राहते. त्यामुळे एका क्षणीची सूची खरी उत्तर दाखवीलच असे नाही. परंतु हजारो वर्षांची सरासरी काढली, तर हे भरकटणे पुष्कळसे पुसले जाते आणि सूची भौगोलिक ध्रुवाकडे वळते. हा मुद्दा लक्षात ठेवा. पुढे तोच कामाला येणार आहे.

६/
आता ज्या काळ्या दगडाला अलिबागच्या भिंतींत मज्जाव झाला त्याच्याकडे वळू. गिरगाव चौपाटीवर उभे राहिले की पश्चिमेला मलबार हिल दिसते. उत्तरेकडे वरळीची टेकडी, पूर्वेकडे शिवडीची. बेटावरच्या या उंचवट्यांचे खडक ज्वालामुखीय आहेत. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी भूमीला भेगा पडून लाव्ह्याचे लोट थरावर थर पसरले. त्यांनाच दख्खनचे सापळे किंवा डेक्कन ट्रॅप म्हणतात. ‘ट्रॅप’ या शब्दाच्या मुळाशी पायरी या अर्थाचा स्कँडिनेव्हियन शब्द आहे. घाटातले पायऱ्यापायऱ्यांचे कडे पाहिले की नाव पटते. मुंबईचे खडक या दीर्घ उद्रेकाच्या अखेरच्या पर्वातले.

७/
उद्रेकांच्या मधल्या शांत काळात येथे उथळ तळी साचत. मुंबई बेटावर लाव्ह्याच्या थरांमध्ये सापडलेल्या अशाच गाळाच्या खडकांत इवल्याशा बेडकांचे जीवाश्म मिळाले. लंडनमध्ये रिचर्ड ओवेन यांनी १८४७ साली त्यांचे वर्णन प्रसिद्ध केले. कंपनीच्या नोकरीतले शल्यविशारद हेन्री जॉन कार्टर यांनी १८५२ साली मुंबई बेटाच्या भूशास्त्रावर सविस्तर निबंध लिहिला. पुढे काही प्राणिशास्त्रज्ञांना या बेडकांचे नाते थेट ऑस्ट्रेलियातल्या बेडकांशी जुळते असे वाटले. मुंबईचा बेडूक आणि ऑस्ट्रेलियाचे गोत्र! भूमीच हलली असेल का, अशी शंका येण्यासारखीच ही गोष्ट.

८/
येथे एक गैरसमज दूर करू. सह्याद्री हा टकरीतून उभा राहिलेला पर्वत नव्हे. राजगडावर किंवा हरिश्चंद्रगडावर गेलात, तर लाव्ह्याचे थर जवळजवळ आडवेच दिसतील. त्यांना वळ्या पडलेल्या नाहीत. पठाराची पश्चिमेकडची बाजू तुटून आणि झिजून हा कडा तयार झाला. मुंबईजवळ येताना तेच थर पश्चिमेकडे कलतात. हिमालयाची जात वेगळी. तेथे समुद्रतळाचे खडक चुरगळून, दुमडून, एकमेकांवर चढून शिखरांवर पोहोचले आहेत. गंमत अशी की, वळ्यांच्या पर्वताचे कोडे सोडवणारा एक महत्त्वाचा पुरावा वळ्या नसलेल्या आपल्या कातळातून मिळाला.

९/
तो कसा? लाव्ह्यात मॅग्नेटाइटसारख्या लोहखनिजांचे कण असतात. खडक तापलेला असतो तोवर त्यांना चुंबकत्व टिकवता येत नाही. मॅग्नेटाइटची ही मर्यादा सुमारे ५८० अंश सेल्सिअस. त्याखाली तापमान उतरले की प्रत्येक कण त्या क्षणीच्या पृथ्वीच्या चुंबकीय दिशेचा ठसा घेतो आणि थिजतो. म्हणजे परळच्या किंवा शिवडीच्या कातळात अब्जावधी सूक्ष्म सूच्या बंदिस्त आहेत. कुलाब्याची सूची रोज नवे सांगे. कातळातली सूची मात्र एकच गोष्ट जन्मभर सांगत राहते.

१०/
आता थोडे त्रिकोणमिती. नतीच्या कोनाचा टॅन हा अक्षांशाच्या टॅनच्या दुप्पट असतो. मुंबईचा अक्षांश सुमारे १९ अंश उत्तर. या सूत्राने नती सुमारे ३५ अंश यायला हवी. प्रत्यक्षात आज येथे सूची २५ ते ३० अंशांच्या दरम्यान झुकते. हा फरक म्हणजेच वर सांगितलेले भरकटणे. म्हणून खडकांच्या बाबतीत एका थरावर विसंबून चालत नाही. अनेक थर, अनेक नमुने आणि त्यांची सरासरी, हाच मार्ग.

११/
१९५० च्या दशकात या मोजणीला वेग आला, आणि त्यामागे एक फसलेला प्रयोग होता. नोबेल विजेते पॅट्रिक ब्लॅकेट यांची कल्पना होती की, कोणतीही जड वस्तू केवळ फिरण्यानेच चुंबकीय होते. ती पडताळण्यासाठी त्यांनी अतिसंवेदनशील चुंबकमापक बनवला. कल्पना खोटी ठरली, यंत्र मात्र उत्तम निघाले. मग त्याच जातीची यंत्रे खडकांकडे वळवण्यात आली. ब्लॅकेट हे होमी भाभांचे स्नेही. भारतात त्यांचे येणेजाणे असे. लंडनच्या इंपीरियल कॉलेजातले त्यांचे सहकारी जॉन क्लेग यांनी भारतातील खडकांवर काम सुरू केले.

१२/
त्याच सुमारास केंब्रिजमध्ये टेड आयर्व्हिंग हा तरुण विद्यार्थी दख्खनच्या खडकांचे नमुने मिळवून तपासत होता. भारत सरकला असेल तर तो येथेच दिसेल, ही सूचना प्रख्यात संख्याशास्त्रज्ञ रोनाल्ड फिशर यांची. गोलावरच्या दिशांची सरासरी कशी काढावी याचे गणितही फिशर यांनीच १९५३ साली मांडले. आयर्व्हिंगला भारताचे उत्तरगमन दिसले. १९५४ साली त्याचा पीएच.डी.चा प्रबंध मात्र नाकारला गेला! पुढे तोच या शास्त्राच्या अध्वर्यूंपैकी एक झाला.

१३/
आणि मुंबई? भाभांनी १९४५ साली स्थापलेल्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेने पेडर रोडवरच्या ‘केनिलवर्थ’ बंगल्यातून गेटवेजवळच्या जुन्या यॉट क्लबात बस्तान हलवले होते. कुलाब्याच्या टोकाशी नवी इमारत उभी राहत होती. याच संस्थेत पी. डब्ल्यू. सहस्रबुद्धे आणि सी. राधाकृष्णमूर्ती यांनी अर्न्स्ट डॉइच यांच्यासह दख्खनच्या लाव्ह्याचे चुंबकत्व मोजण्याचे काम हाती घेतले. त्यांचे निबंध १९५८ आणि १९५९ साली युरोपातील नियतकालिकांत प्रसिद्ध झाले. भारतातल्या खडकांवर भारतातच झालेले या विषयातले हे अगदी आरंभीचे काम.

१४/
हे काम चिकाटीचे. कातळ फोडण्यापूर्वी त्यावर उत्तर दिशा आणि आडवी पातळी खुणावून ठेवायची. खडकच चुंबकीय असल्यामुळे होकायंत्रावर आंधळा विश्वास टाकता येत नाही. उघड्या माथ्यावर वीज पडली असेल तर तेथली जुनी नोंद पुसली जाऊन नवी, खोटी नोंद बसलेली असते. ती ओळखून वगळायची. मग प्रयोगशाळेत नमुना कापून चुंबकमापकाखाली आणायचा. बारीक तंतूवर टांगलेले, परस्परविरुद्ध दिशांचे दोन चुंबक किंचित वळतात, आणि आरशावरून परतलेला प्रकाशाचा ठिपका सरकतो. तो मोजायचा. ट्रामच्या विजेपासून सूची जपणारे मूस आणि आभाळातल्या विजेपासून नमुने जपणारे हे संशोधक एकाच परंपरेतले.

१५/
निष्कर्ष विलक्षण होता. खालच्या थरांतली सूची आग्नेयेकडे वळलेली व जमिनीत खोल झुकलेली. वरच्या थरांतली नेमकी उलट, वायव्येकडे वळलेली आणि आभाळाकडे उचललेली. याचा अर्थ काय? एक शक्यता अशी की, खालचे थर तयार होताना पृथ्वीचे चुंबकत्वच उलटे होते, आणि भारत दक्षिण गोलार्धात होता. पण तेव्हा चुंबकत्वाची उलटापालट सर्वमान्य नव्हती. काही खडक थंड होताना आपोआप उलटे चुंबकित होतात, असे जपानमध्ये दिसून आले होते.

१६/
दुसरी शक्यता मानली तर भारत तेव्हाही उत्तर गोलार्धातच होता, पण वरचे थर उलट्या काळातले धरावे लागतात आणि सारे द्वीपकल्प दीडशे अंशांच्या आसपास गरगर फिरले असे म्हणावे लागते. पहिल्या शक्यतेत पंचवीस अंशांच्या आसपासची डावी वळण पुरते. शिवाय भारतातल्या फार जुन्या खडकांत हिमनद्यांच्या खुणा होत्या आणि दक्षिणेकडच्या खंडांशी जुळणारे वनस्पतींचे जीवाश्म होते. साऱ्या साक्षी एकीकडेच बोट दाखवत होत्या. भारत दक्षिणेकडून आला आणि येताना किंचित वळला.

१७/
हे सर्व १९५८-५९ पर्यंत छापून झाले होते. खंड सरकतात ही कल्पना तेव्हा बहुसंख्य भूवैज्ञानिकांना मान्य नव्हती. आल्फ्रेड वेगेनर यांनी ती १९१२ साली मांडली, पण सरकवणारी शक्ती कोणती, या प्रश्नापाशी ती अडली होती. समुद्रतळ पसरतो हे १९६० च्या दशकात सिद्ध होत गेले आणि त्या दशकाच्या अखेरीस भूपट्टांचा सिद्धांत आकाराला आला. म्हणजे आपल्या कातळाची साक्ष न्यायालय भरण्यापूर्वीच नोंदवली गेली होती.

१८/
त्याच संस्थेत त्याच वर्षांत आणखी एक गोष्ट घडत होती. आर. नरसिंहन यांच्या नेतृत्वाखाली भारतीय बनावटीचा संगणक बांधला जात होता. १९५६ साली त्याची प्राथमिक आवृत्ती चालली, १९६० साली पूर्ण यंत्र कार्यान्वित झाले आणि १९६२ साली त्याला ‘टिफ्रॅक’ हे नाव मिळाले. त्यात सुमारे २७०० निर्वात नळ्या होत्या आणि २०४८ शब्दांची स्मृती. आज मनगटावरच्या घड्याळातही त्याहून कितीतरी अधिक स्मृती असते. खडकातला कोन आणि संगणकातले गणित एकत्र येऊन पर्वत रचतील, त्याला अजून दोन दशके होती.

१९/
मधल्या काळात प्रवासाचा हिशेब पक्का झाला. दख्खनच्या थरांवरून या भूमीचा तेव्हाचा अक्षांश आज सुमारे ३० अंश दक्षिण असा काढला जातो. सूत्र वापरून पाहा. नती सुमारे ४९ अंश येते. ३० दक्षिणेपासून १९ उत्तरेपर्यंत ४९ अंश. एका अंशाला १११ किलोमीटर धरले तर सुमारे ५४०० किलोमीटर. ६.६ कोटी वर्षांनी भागा. वर्षाला सरासरी ८ सेंटिमीटर! १९७१ साली मॅकेंझी आणि स्क्लेटर यांनी हिंदी महासागराच्या तळावरचे चुंबकीय पट्टे वाचून भारताच्या या प्रवासाचे टप्पे मांडले. ही सरासरी चाल एकसारखी नव्हती. टकरीपूर्वी ती वर्षाला १५ सेंटिमीटरांवर गेली होती, आणि सुमारे ५ कोटी वर्षांपूर्वी ती झपाट्याने मंदावली. आता ती ४ ते ५ सेंटिमीटर आहे.

२०/
चाल मंदावली, कारण भारत आशियाला भिडला. या टकरीचे चित्र स्विस भूवैज्ञानिक एमिल आर्गां यांनी १९२२ साली ब्रुसेल्समधल्या व्याख्यानात रंगवले होते. भारताचा पुढचा भाग आशियाखाली घुसून तिबेट उचलला गेला, असे त्यांचे म्हणणे. आपल्याकडे सुरतेत जन्मलेले दाराशा नोशेरवान वाडिया यांनी १९३१ साली दाखवले की, नंगा पर्वताभोवती हिमालयाच्या रांगा केसांच्या चिमट्यासारख्या वळतात. खाली द्वीपकल्पाची एक कठीण जीभ अडून बसल्याची ती खूण. दोघांनी जे डोळ्यांनी वाचले ते आकड्यांत मांडणे बाकी होते.

२१/
आकडे मांडताच अडचण उभी राहिली. टक्कर ५ कोटी वर्षांची आणि चाल वर्षाला ५ सेंटिमीटर. म्हणजे २५०० किलोमीटर भूमी कोठेतरी जिरली पाहिजे! हे अंतर मुंबईहून काश्मीरपर्यंतच्या सरळ अंतरापेक्षा अधिक आहे. हिमालयातल्या वळ्या उलगडून मोजल्या तरी हा हिशेब पुरा होत नाही. ही भूमी उंचीत गेली, बाजूला सरकली, की खोल प्रावरणात बुडाली? पर्वताचा प्रयोग हातांनी करता येत नाही आणि ५ कोटी वर्षे थांबताही येत नाही. म्हणून संगणकीय प्रतिरूप.

२२/
१९८२ साली फिलिप इंग्लंड आणि डॅन मॅकेंझी यांनी एक धाडसी सुलभीकरण केले. आशियाचे कवच म्हणजे घट्ट द्रवाची पातळ चादर समजा. दाट काकवीसारखी, पण अब्जावधी पटींनी घट्ट. दक्षिणेकडून एक कठीण ठोकळा, म्हणजे भारत, ठरलेल्या वेगाने तिच्यात घुसवा. चादरीवर जाळे आखा आणि जाळ्याच्या प्रत्येक गाठीशी संगणकाला विचारा की, येथे ढकलणारे बल किती, द्रवाचा विरोध किती आणि जाडी किती वाढली. मग काळ थोडा पुढे सरकवून पुन्हा तेच विचारा. पडद्यावर पठार उगवू लागते.

२३/
या गणितात एक निर्णायक गुणोत्तर आहे. उंच झालेला ढीग स्वतःच्या वजनाने पसरू पाहतो, तर द्रवाचा घट्टपणा त्याला अडवतो. या दोहोंच्या गुणोत्तराला त्यांनी आर्गां यांच्या स्मरणार्थ ‘आर्गां अंक’ असे नाव दिले. अंक लहान असेल तर ठोकळ्यासमोर उंचच उंच कडा उभा राहतो. मोठा असेल तर सारे पसरून सपाट होते. मधल्या किमतींना रुंद, सपाट माथ्याचे पठार मिळते. तिबेट सरासरी ५ किलोमीटरांच्या आसपास का थांबले, याचे उत्तर त्यात आहे. त्याहून उंच जायचे, तर स्वतःचेच वजन आडवे येते.

२४/
त्याच वर्षी फ्रान्सच्या पॉल तापोनिए यांनी संगणक बाजूला ठेवून प्लॅस्टिसिन घेतले. त्यात ठोकळा दाबताच माती जाड होण्याऐवजी भेगांवरून एका बाजूला निसटली. त्यांचे म्हणणे असे की, आशियाचे मोठे तुकडे असेच पूर्वेकडे सरकले. लालबागमध्ये विसर्जनाच्या मिरवणुकीत मागून रेटा आला की काय होते ते आठवा. काही माणसे जागीच दाटतात, काही बाजूच्या गल्ल्यांत शिरतात. तिबेटचे दाटणे किती आणि गल्लीत शिरणे किती, या वादाने पुढची कित्येक वर्षे व्यापली. उत्तर दोहोंच्या मध्ये कोठेतरी आहे, हे आता बहुतेकांना मान्य आहे.

२५/
प्रतिरूपांत पुढे पाऊसही आला. २००१ साली ख्रिस्तोफर बोमाँ आणि सहकाऱ्यांनी दाखवले की, तिबेटखालचा तापून मऊ झालेला थर दक्षिणेकडे वाहू शकतो. हिमालयाच्या दक्षिण उतारावर पावसाने आणि नद्यांनी जोरात झीज केली, तर तो थर तेथूनच बाहेर ओढला जातो. म्हणजे आपला मोसमी पाऊस पर्वत नुसता झिजवत नाही, त्याच्या पोटातला खडक वरही आणतो! नंतरच्या अभ्यासांनी या चित्रावर बरेच आक्षेप घेतले. तरीही हवामान आणि पर्वत यांना एकाच समीकरणात बसवण्याचे श्रेय त्याला जाते.

२६/
आणि वेगाचे कोडे? भारत इतका धावला कशाने? २००७ साली हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्थेतील संशोधकांनी सुचवले की, भारताचा भूपट्ट इतरांहून पातळ, मुळे गमावलेला असल्याने हलका झाला. २०११ साली आणखी एक मत पुढे आले. दख्खनचा लाव्हा ज्या तप्त स्तंभातून आला त्यानेच भारताला ढकलले. २०१५ साली तिसरे. उत्तरेकडे एकामागे एक असे दोन भूपट्ट बुडत होते आणि दोघांनी मिळून भारताला ओढले. यांतले दुसरे मत खरे ठरले, तर वरळीच्या कातळाने हिमालयाची केवळ साक्ष दिली नाही, त्याच्या घडणीतही हात लावला, असे म्हणावे लागेल.

२७/
मात्र संगणकाच्या पडद्यावर उगवलेला पर्वत म्हणजे पर्वताचे छायाचित्र नव्हे. घट्टपणा किती, तापमान किती, हे बरेचसे आकडे अनुमानाचे असतात. दोन भिन्न प्रतिरूपे एकच हिमालय दाखवू शकतात. त्यांतले कोणते टिकेल हे ठरवतात ते मोजलेले आकडे. भूमी कोठे होती, किती वेगाने आली, कधी भिडली. हरवलेल्या भूमीचा वादही आज पुन्हा चुंबकत्वाच्याच दारी आला आहे. तिबेटच्या आणि हिमालयाच्या खडकांतली नती मोजून टक्कर कोठे झाली याचा शोध चालू आहे. पद्धत तीच, जिचा अवलंब सहस्रबुद्धे आणि राधाकृष्णमूर्ती यांनी केला होता.

२८/
हा खटाटोप कशासाठी? ३० सप्टेंबर १९९३. अनंत चतुर्दशीची विसर्जने आटोपून लातूर-धाराशिवची गावे झोपली होती. पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारी हादरली. तीव्रता ६.२. हजारो माणसे दगडमातीच्या भिंतींखाली गेली. दख्खनचे पठार म्हणजे अढळ भूमी, असे आपण शाळेत शिकलो होतो. पण तेथे खडक खडकावर चढला होता, टकरीच्या रेट्यात चढतो तसाच. हिमालय तेथून हजार किलोमीटरांहून दूर. तरी भारत तेथे अडतो, म्हणून त्याचा ताण साऱ्या द्वीपकल्पात भरून राहतो. तो कोठे साठतो हे समजून घ्यायला आपल्याजवळ प्रतिरूपांखेरीज फारशी साधने नाहीत. भूकंपाचा दिवस ती सांगत नाहीत. घरे कशी बांधावीत याचा विचार मात्र त्यांच्या आधाराने करता येतो.

२९/
मुंबईची शेवटची ट्राम ३१ मार्च १९६४ रोजी बोरीबंदरहून दादरला गेली. सूची मात्र परतली नाही. ती आजही अलिबागला मोजते आहे. मूस यांचे खंड, सहस्रबुद्धे यांचे निबंध आणि टिफ्रॅकची कथा आपल्या शहराच्या इतिहासात क्वचितच एकत्र सांगितल्या जातात. गिरण्यांचा, चाळींचा, चळवळींचा इतिहास आपण आवडीने वाचतो, आणि वाचलाच पाहिजे. त्याच्या खालच्या थरात हाही आहे.

३०/
पुढच्या वेळी मलबार हिलच्या पायथ्याशी किंवा शिवडीच्या किल्ल्याच्या कातळावर हात ठेवाल, तेव्हा एवढे आठवा. हा दगड थंड झाला तेव्हा ही भूमी विषुववृत्ताच्या पार दक्षिणेला होती, आणि ते स्थान तो अजून विसरलेला नाही. मोबाइलमधले होकायंत्र कातळाजवळ नेऊन पाहा. काही ठिकाणी काटा किंचित बिचकतो. त्यात आजूबाजूच्या लोखंडाचाही हात असू शकतो. तेवढे तपासून मगच निष्कर्ष काढा. मूस यांनीही तेच केले असते.

थ्रेड समाप्त. शंका, दुरुस्त्या आणि आपापल्या परिसरातील कातळांची छायाचित्रे खाली अवश्य द्या.